सासऱ्यांच्या बंदुकीचा नेम मी सुधारला

आमच्या सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी आजवर कशालाच लागलेली नव्हती, आणि घरातले सगळे त्यात समाधानी होते. मी सोडून.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, मूळ बाळकुमचे. तिथली जमीन बिल्डरकडे गेल्यावर त्यांनी मुरबाडकडे शेत घेतलं, आणि रानडुकरांना भिववायला वडिलांची बंदूक रीतसर परवान्यासह सांभाळली. दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. मग बांधावर नारळ ठेवून बाबा तीन बार काढायचे. नारळ सुखरूप घरी परत यायचा. त्यांचे धाकटे भाऊ राघोकाका, ज्यांचं शेत अगदी लागून, दरवर्षी न चुकता विचारायचे, "दादा, पुढल्या वर्साला पन हाच नारल चालंल ना?" बाबा हसायचे, पण त्या दिवशी जेवायचे कमी.

मी शहरातला, नौपाड्याचा. कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला असतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. बाबांचं ते कमी जेवणं मला बघवेना. मोबाइलवर चार परदेशी व्हिडिओ पाहिले आणि मी या विषयातला तज्ज्ञ झालो (हल्ली तिनातही होतात). दोष लगेच सापडला. बाबा नळीत दारू ओतायचे ती तळहातावर अंदाजाने घेऊन. कधी जास्त, कधी कमी. मग गोळी तरी बिचारी काय करणार!

हे मी त्यांना गॅलरीतून फोनवर समजावलं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जरा मोठ्याने. "बाबा, दारू दर वेळी सारखीच घ्यायची. तुम्ही अंदाजाने घेता म्हणून झोक जातो." संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं की मी सासऱ्यांना दारूचं प्रमाण ठरवून देतो. माझी बायको रंजना माझ्याशी बोलेनाशी झाली. समोरच्या काकूंनी तिला एका चांगल्या डॉक्टरांचं नाव दिलं.

खंडेनवमीला मी रंजनाचा केकचा वजनकाटा घेऊन शेतावर हजर. प्रत्येक बाराची दारू मोजून पुड्या बांधल्या. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या माझ्याच जुन्या सदऱ्यातून एका मापाच्या कापल्या. दर बारानंतर नळी आतून पुसायची असा नियम केला. बंदूक टेकवायला भाताची पोती रचली. शेवटी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो दाणा, मला किंचित वाकडी दिसली. ती मी पकडीने सरळ केली. कुणी सांगितलं नव्हतं. चांगली कामं आपणहून करायची असतात.

पहिला बार काढला. नारळ जागेवर, पण लांबून 'ठप्' असा आवाज आला. दुसऱ्या बाराला तसाच ठप्. तिसऱ्याला अगदी तोच ठप्. राघोकाकांनी तोंड उघडायच्या आत मी सगळ्यांना समजावून सांगितलं की नारळ ही दुय्यम गोष्ट आहे, खरं महत्त्व सातत्याला. आणि तिन्ही आवाज सारखे आले, त्या अर्थी सातत्य साधलेलं आहे.

ते कुठे साधलं, हे राघोकाकांच्या बायकोने सांगितलं. त्या शेजारच्या न्हाणीघरातून केसांना शिकेकाई तशीच ठेवून बाहेर आल्या आणि नळाचं पाणी एकदम बारीक कुणी केलं म्हणून विचारू लागल्या.

सगळे तिकडे गेलो. लोखंडी चौथऱ्यावर काकांची नवी कोरी टाकी, दोन्ही घरांना पाणी पुरवणारी. तिला तीन भोकं, एका बशीखाली झाकतील इतकी जवळजवळ. तिन्हींतून एकसारखी धार. तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण मी पुढे झालो, भोकांमधलं अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणालो, "बघितलंत? याला म्हणतात सातत्य."

काकांचा चेहरा बघून रंजना माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. बाबा मात्र टाकीकडे बघत होते. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाच्या डोळ्याला डोळा देऊन हसले. "राघो, अवंदा काय तरी लागला ना?"

त्या दिवशी बाबा दोन भाकऱ्या जास्त जेवले. मी जेवलो नाही. दोन्ही घरांचं पाणी विहिरीवरून मी भरत होतो.

आता खंडेनवमीच्या पूजेला मी नौपाड्यातूनच व्हिडिओ कॉलवर हजर असतो. घरच्यांच्या मते माझ्या ज्ञानाला सध्या एवढं अंतर पुरेसं आहे. राघोकाकांच्या मते थोडं कमीच.