उपरण्याखालचा ससा

अन्याय झाला तो सोनाजी दलालांवर. यंदाच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भर दुपारी, अमरावतीच्या कापूसबाजारात, भरल्या बाजाराच्या डोळ्यांदेखत. मी तिथे होतो म्हणून ठासून सांगतो. बाकीचेही तिथेच होते, पण त्यांना त्या दिवशीचं काही आठवत नाही म्हणे.

सोनाजीकाका कधी कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात धरायचे, त्यावर आपलं उपरणं टाकायचे आणि आतल्या आत बोटं दाबायचे. वीस वर्षं दलालीत गेली, हातांना दुसरं काही सुचतच नसे. ज्यांनी कापूसबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे भाव तोंडाने ठरत नाही. दलाल आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर फडकं पडतं आणि आत बोटं धरून आकडे सांगितले जातात. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारी उकिडवा बसून फडकं हलताना बघतो. ते हलायचं थांबलं की त्याचा कापूस विकला गेलेला असतो. हे मला कळलं तेव्हा मी संतापून दोन पत्रकं लिहिली. ती कुणी वाचली नाहीत.

त्यांची माझी ओळख शाळेच्या ओट्यावर झाली. माझा हात उपरण्याखाली घेऊन त्यांनी बोटं दाबली आणि भुवया उडवल्या. पगार विचारत होते. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी एक बोट कमी केलं. मी पुन्हा मान हलवली तेव्हा कळवळून म्हणाले, "अरे बाप्पा. मंग तं तुमी माह्याकडेच जेवत जा, मास्तर."

अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आमच्या वऱ्हाडात बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. न्हावी, सोनार, भटजी, जो तो दलाल व्हायला निघाला. नेमक्या त्याच हंगामात या गृहस्थांनी दलाली सोडली आणि बाहुल्यांचे खेळ करायला घेतले.

कारण ऐकाल तर हसाल. नांदगाव खंडेश्वरची एक म्हातारी स्वतः गाडी हाकत कापूस घेऊन आली होती. सौदा लांबला. फडकं आपलं हलतंय, हलतंय. ती वैतागून म्हणाली, "काहून रे, आत ससा धरला काय तुमी?" सोनाजीकाकांनी आतून दोन बोटं ताठ केली. फडक्याला कान फुटले, कान हलले, म्हातारीकडे वळले. मुनीमसुद्धा हसला. कापूस घेणारा शेठ तेवढा हसला नाही. मला हे सांगताना काकांना हसू नव्हतं. "वीस वर्सांत पयल्यांदा कोनी इचारलं, मास्तर, का आत काय हाये."

महिन्याभरात त्यांनी हातात घालायच्या बाहुल्यांसाठी पांगाऱ्याच्या लाकडाची तीन मुंडकी कोरली. शेतकरी, दलाल आणि शेठ. अंगरखे त्यांच्या बायकोने शिवले. लोक तिला विचारत, अशी लागलेली दलाली सोडू कशी दिली. ती म्हणे, "दलाल होते तवा हे काय करते ते मलेबी दिसत नोतं. आता दिसते तरी."

खेळ राजापेठेत एका अंगणात व्हायचा, ऊन उतरल्यावर. खाट आडवी उभी करायची, वर घोंगडं टाकायचं, झालं रंगपीठ. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मात्र गंमत झाली. बाहुला दलाल आणि बाहुला शेठ सौदा करू लागले, तेव्हा काकांची बोटं सवयीने खरोखरचे आकडे दाखवू लागली. पुढे बसलेला एक दलाल इतका रंगला की ते आकडे मोठ्याने वाचू लागला. "अडीच... पावनेतीन... हो म्हन गड्या, हो म्हन." त्याच्या शेजारी मोर्शीचा एक शेतकरी होता. त्याने आधी दलालाकडे पाहिलं, मग बाहुल्याच्या हाताकडे, आणि शांतपणे म्हणाला, "पुना दाखव." खेळ संपेपर्यंत सगळं अंगण बोटं मोजायला शिकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाजारात शेतकरी फडकी उचलून आत डोकावायला लागले.

मी धावत जाऊन म्हटलं, काका, माझ्या पत्रकांनी झालं नाही ते तुम्ही केलंत. ते चिडले. "मी कायचं केलं? मले दुसरी बोटंच येत नाईत."

करीला शेठने त्यांना बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर, मोठ्या गोडीने. दलालीची जागा परत घ्या, बाहुल्या इथे ठेवून जा, बाकीचं आपण हातावर बोलू, असं म्हणून त्याने शालीखाली हात पुढे केला. काकांनीही हात घातला. क्षणभर शाल हलली आणि पाल अंगावर पडल्यासारखा शेठ मागे सरकला. आत काकांच्या हातावर बाहुली होती.

बाजार हसला. शेठ उठला आणि एवढंच बोलला, की या माणसाला जो अंगण देईल त्याचा कापूस कुठल्याही अडतीवर उतरणार नाही. हसणं तिथल्या तिथे थांबलं.

त्यानंतर सोनाजीकाका घरोघर फिरले. नाही कुणीच म्हटलं नाही. एकाकडे पाहुणे होते, एकाचं अंगण सारवायचं होतं, एकाची म्हैस व्यायला झाली होती. ते नांदगावच्या म्हातारीकडेही गेले. ती दारात उभी राहून म्हणाली, "आज नाई देत बाप्पा. माहा कापूस शेठच्या घरात पडला हाये." काका परत आले ते खुशीत. "एका बाईनं तोंडानं सांगितलं, मास्तर. बाकी सारे फडक्याखाली बोलून राहिले."

मग त्यांनी मला शाळेचा ओटा मागितला. मी म्हटलं, वरती विचारून सांगतो. त्यांनी माझा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि बोटं न दाबताच सोडून दिला. मी वरती कुणाला विचारलंच नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने हे केलं, ते इथे छापून कबूल करतो.

आता ते अकोल्यात आहेत. शेठची चिठ्ठी त्यांच्या आधी पोचली होती. मोर्णा नदीच्या वाळूत खेळ लावतात, पण वाळूत खाट उभी राहत नाही. दलालीची जागा अजून रिकामी आहे, आणि खेळाला जागा मिळाली नाही तर पोटासाठी त्यांना तिथेच परतावं लागेल.

तेव्हा वाचकहो, अमरावतीचे असा की अकोल्याचे, एका संध्याकाळपुरतं अंगण द्या. शाळेच्या ओट्याचं आज मी लेखी विचारलं आहे. खाट ते घेऊन येतील. द्यायचं नसेल तर दारात उभे राहा आणि त्यांच्या तोंडावर नाही म्हणा. म्हैस व्यायला झाली आहे असं सांगू नका.