पिचरचा उजवा हात

दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमाचा वास आला, की मला वाळूजचं ते मैदान आठवतं. तिथल्या एका कारखान्याच्या शेठनी हौसेनं बेसबॉलचा संघ बाळगला होता आणि मी त्याचा मॅनेजर होतो. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आमच्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराचा, उजवा खांदा तपासून मला बजावलं, याला अजिबात खेळवू नका. शेठ म्हणाले, "त्याला कशाला सांगता?" मी सांगितलं नाही. मुकुंदवाडीचा तो पिचर मलम चोळत चोळत खेळला आणि आम्ही जिंकलो. करंडक घ्यायला त्यानं डावा हात पुढं केला, तसे शेठ फोटोवाल्याकडं हसत, दात आवळून बोलले, "डाव्या हातानं घेतो व्हय रे? मॅनेजर, वर करा त्याचा उजवा." तो पुटपुटला, "सर, नका ना, लई दुखतंय." मी मागं उभं राहून त्याचं कोपर धरलं आणि हात वर उचलला. आत काहीतरी कटकन वाजलं. तो पुन्हा कधी चेंडू फेकू शकला नाही, आणि शेठनी महिन्याभरात त्याला कारखान्यातल्या नोकरीवरूनही काढलं. परवा शेठच्या शोकसभेत तोच फोटो मोठा करून लावला होता, खाली लिहिलं होतं, 'खेळाडूंचा बाप'. कोपराखाली माझी चार बोटं स्पष्ट दिसत होती. मला माईकवर बोलावलं, तेव्हा त्याच फोटोशेजारी उभं राहून मी म्हणालो, शेठ फार मोठ्या मनाचे होते.