भुताच्या पुस्तकाला परवानगी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकांचा कुठलाही तंटा माझ्याकडे येतो. सातवीतल्या धाकट्या बहिणीने आमच्या गोडादरा वस्तीतल्या वाचनालयातून भुताचं पुस्तक आणलं आणि मम्मीने ते उचलून कपाटावर ठेवलं.

"त्या बाईंना सांगून ये, पोरांना असलं देत जाऊ नका."

मी गेले, चाचरत सांगितलं. वाचनालयातल्या बाई, इथे सगळ्यांच्या बेन, हसल्या. "तुझ्या बहिणीचं तुझ्या मम्मीने ठरवावं. बाकी मुलांचं त्यांच्या घरचे बघतील. पुस्तकं इथेच राहणार."

मला दोघींचंही पटत होतं, हीच माझी अडचण.

घरी मम्मी मजुरीवर आणलेल्या साडीवर खडे चिकटवत बसली होती. निरोप ऐकून म्हणाली, "बरं, ठरवते. वाचून दाखव."

पुस्तक इथल्या भाषेत, गुजरातीत, आणि मम्मीचं गुजराती भाजीबाजारापुरतं. म्हणून बहीण मनात गुजराती वाचायची आणि तोंडाने घरच्या बोलीत सांगायची. परवानगी मिळेपर्यंत पुस्तक वाचायचं नव्हतं, आणि परवानगीसाठी ते अख्खं वाचावं लागणार होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

भीतीची जागा आली की बहीण हळूच पान उलटायची. तिचं भूत फारच सभ्य झालं होतं. विहिरीतून यायचं, पाणी प्यायचं, परत जायचं.

एका संध्याकाळी मम्मीचा हात थांबला. "काय वं, काल गोष्टीतल्या त्या म्हाताऱ्याची बायको चालती-बोलती होती. आज तो एकटाच जेवतोय. ती कुठे गेली?"

"माहेरी."

"नवऱ्याला भुताजवळ टाकून? गाळलेलं वाच."

आता पुस्तक परत जाणार म्हणून बहीण रडवेली झाली. मी मध्ये पडले, "मम्मी, ते जरा भीतीचं आहे."

"हिला काय चालेल ते मी ठरवायचं, आणि मला काय चालेल ते तुम्ही ठरवता होय?"

बहिणीने वाचलं. ऐकता ऐकता मम्मीने एक खडा साडीऐवजी स्वतःच्या बोटावर चिकटवला.

"वाच हे पुस्तक," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्यासमोर, मोठ्याने. एकटीने पुढे जायचं नाही."

"तुलाच पुढचं ऐकायचंय!"

"तेही आहे."

बहिणीने पान उलटलं.

"एकेकच," मम्मी म्हणाली. "मी बघतेय."