मुळ्याचा महादेव

झनकलालभाऊ लग्नात भेटले की पहिला प्रश्न विचारायचे, “सलाद खाल्ला का?” नवरदेव कोण, नवरी कोणाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. दवनीवाड्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर. धानाची शेती करत आणि आसपासच्या लग्नांत हौसेनं सलाद मांडत. बिटाचे गुलाब, मुळ्याचे बगळे, काकडीचा मोर. मांडून झालं की मोरामागे हात जोडून उभे राहत. “खा ना जी! खायासाठीच बनवलो. फोटो कायले काढून राहिले?”

खात मात्र कोणी नसे. इतका देखणा मोर मोडायचा कोणी? लोक मोराशेजारी लेकरं उभी करत, मोबाइलमध्ये फोटो काढत आणि भाताकडे सरकत. एका वधूपित्यानं तर तोच मोर झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी धाकटीच्या साखरपुड्यात पुन्हा मांडला. मग भाऊंनी एकदा चिडून सगळं जाडंभरडं चिरलं आणि नुसता ढीग घातला. तो कुणीतरी उचलून बैलांपुढे टाकला. “बैलाईनं खाल्ला पन!” हे ते पुढे कितीतरी दिवस कौतुकानं सांगत.

या वेडाचं मूळ घरातच होतं. सुगनावहिनींना साखरेचा आजार. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, “काका, चावल कम करो, कच्ची सब्जी खिलाओ.” वहिनींनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन ताटभर भात वाढून घेतला. “कच्चं तं ढोरं खातेत. मी का ढोर आहो जी?” त्यांना मोह पडावा म्हणून भाऊंनी गाजराचं पहिलं फूल कोरलं. वहिनींनी ते केसांत माळलं. पुढे त्यांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा भाऊ माझ्यापाशी येऊन लहान मुलासारखे रडले. “चार मानसं खाताना दिसली तं तुमची वहिनी बी खाईन,” एवढंच म्हणाले.

लेकीचं लग्न आमगावला ठरलं आणि भाऊंनी मांडवात प्रतापगड उभारला. साताऱ्याकडचा नव्हे, आमचा, अर्जुनी मोरगावचा, महादेव आणि दर्गा दोन्ही असलेला. बिटाचे बुरूज, काकडीच्या पायऱ्या, गाजराच्या पताका, एका अंगाला कोबीचा दर्गा आणि टोकावर मुळ्याचा महादेव. वऱ्हाड आलं. त्यातली एक म्हातारी पुढे झाली, महादेव पाहून तिनं चपला काढल्या, कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. तिच्यामागे रांग लागली. कुणी टोमॅटोत अगरबत्ती खोचली. आचारीसुद्धा हात पुसत येऊन पाया पडून गेला. “अरे सलाद होय तो, सलाद!” भाऊ ओरडत होते. व्याह्यांनी त्यांना बाजूला घेऊन दटावलं, “देवाले असं बोलत नसतेत जी.”

भाऊ मटकन खाली बसले. मोर तरी कुणी धीर करून मोडला असता, देवाला सुरी कोण लावणार? मला त्यांची खरोखर कीव आली. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. ताडकन उठले, महादेवाला नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “चला, परसाद घ्या, परसाद!”

प्रसादाला नाही कोण म्हणतो? ओंजळी पुढे आल्या. दर्ग्याचा कोबी सगळ्यांनी खाल्ला, दात नसलेल्या आजोबांनी बिटाचा बुरूज गालात धरला. बघता बघता गड सपाट झाला. शेवटी सुगनावहिनी पदर सावरत आल्या. मुळ्याची फोड कपाळाला लावली आणि कराकरा चावून खाल्ली.

“कसा लागला वो?” भाऊंनी पुढे वाकून विचारलं.

“परसादाची का चव पुसतेत जी?” म्हणत त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ रोज सकाळी महादेव कोरू लागले. वहिनी हात जोडत आणि सगळा महादेव खाऊन टाकत. असं कित्येक वर्षं चाललं. पायाची जखमही भरली.

मग एका वर्षी कापणीच्या दिवसांत भाऊच अचानक गेले. मध्यंतरी वहिनींकडे गेलो, तर त्या एकट्याच मुळा कोरत बसलेल्या. सुरी सारखी घसरत होती, महादेव काही केल्या ओळखू येत नव्हता. मी म्हटलं, “वहिनी, नुसता चिरून खाल्ला तरी चालते ना.”

“चालते ना जी,” त्या म्हणाल्या, “पन मंग हात कोनाले जोडू?”