माझी सुई राहिली

आमच्या गल्लीतल्या दोरा शिंप्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते निवृत्त झाल्यावर, पँट कंबरेत सैल करून घ्यायला गेलो तेव्हा. ओठांत टाचण्या धरून तो माझ्या कंबरेशी वाकला होता. मध्येच घड्याळाकडे पाहून उठला, टाचण्या काढून ठेवल्या, हात धुतले आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याचा सदरा वर केला. पोटाची कातडी चिमटीत धरली, माझी पँट धरली होती तशीच, आणि इन्शुलिनचं पेन टोचलं. मग जेवणाचा डबा उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि माझ्याकडे परतला.

"हं सर, श्वास सोडा. पोट आत ओढून माप देऊ नका, नंतर मलाच उसवावं लागतं."

म्हातारे म्हणजे त्याचे वडील, नाना. दुकान त्यांचंच. पोरगा अंगानं इतका बारीक, की 'दोरा' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पुढं खरं नाव गल्लीत कुणाला आठवेना. मी शिक्षक होतो हे कळल्यावर नाना खुलले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही मास्तर, मीही मास्तर. फरक एवढाच, मी बेतलेलं बिघडलं तर गिऱ्हाईक परत येतं." हे ते मला दर भेटीत नव्यानं ऐकवत आणि मी दर वेळी हसे. तेच धडे वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला ते जड जात नाही.

नानांना साखर होती आणि आठवणही सुटत चालली होती. दोऱ्याला ते पगारी कारागीर समजत. "ह्याला सोडू नका, हात हलका आहे," असं मला बजावत. वाईट वाटत असेल, असं मी एकदा दोऱ्याला म्हणालो. हातातली टीप संपवून तो म्हणाला, "आधी वाटायचं. आता काही वाटत नाही."

त्याला धास्ती होती ती जेवणाची. इन्शुलिन टोचल्यावर पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर साखर पार उतरते. आणि नाना कधी दोन घास खाऊन ताट सरकवत, कधी जेवलोच म्हणून तोंड मिटून बसत. दोरा मशीन सोडून समोर बसून राही. त्याची सुटका एकच. कचेरीत नोकरी करणारी त्याची मोठी बहीण, ताई, सुट्टीच्या दिवशी दुपारी येई. तेवढ्यात तो अस्तर, बटणं आणी, केस कापून घेई. कधी नुसताच बाकावर बसे. इन्शुलिन कसं द्यायचं ते त्यानंच तिला शिकवलं होतं. घरात इन्शुलिनला सगळे 'सुई' म्हणत. सुई झाली का, सुई राहिली का, असं.

एका सुट्टीला त्यानं नानांना सुई दिली, जेवू घातलं आणि ताई यायच्या आतच घाईनं बाहेर पडला. फोन कापडाखाली राहिला. ताईनं आल्यावर विचारलं, "नाना, सुई झाली?" नाना सदऱ्याची कॉलर चाचपत होते. जुने शिंपी हातातली सुई तिथं टोचून ठेवतात.

"नाही. माझी सुई राहिली," ते म्हणाले.

ताईनं दोऱ्याला फोन लावला, तो कापडाखालीच वाजला. मग तिनं सुई दिली.

नानांना घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. ताईला वाटलं, विसरण्याचाच आजार वाढला. दोरा परतला तेव्हा पेन टेबलावर होतं. त्यानं लगेच नानांचं बोट टोचून साखर पाहिली आणि पाण्यात साखर ढवळून नानांना पाजली. घोट उतरत होते म्हणून निभावलं. नंतर दवाखान्यात ठेवावं लागलं.

मला हे त्यानं शर्टाची काजं करता करता सांगितलं. दवाखान्यात तो ताईला म्हणाला होता, की चूक तुझी नाही, शब्दाची आहे. आजपासून इन्शुलिनच म्हणू. तू यायचं मात्र थांबवू नकोस.

"येईन," ताई म्हणाली. "पण पेनला हात लावणार नाही. दोऱ्या, ते माझ्याकडं हात करून मागत होते रे. मला बरं वाटलं होतं, निदान एवढं तरी आठवतंय त्यांना."

पेन पुन्हा हातात घे, असं मीही तिला सांगून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यापुढं चहा ठेवला.

ताई अजून येते. नानांची नखं कापते, त्यांच्याशी बोलत बसते. पण जेवणाची वेळ झाली की दोऱ्याला तिथं असावंच लागतं, सुट्टी असो वा नसो. त्याला बोलावणारे एक-दोन मित्र होते, ते हल्ली विचारत नाहीत. अस्तर-बटणं आणायला जाता येत नाही, म्हणून नवे कपडे शिवायचं त्यानं बंद केलंय. आता तो फक्त जुने कपडे लहानमोठे करून देतो, आणि तेही सकाळीच घेतो.