काकींच्या बाजूचा आवाज

"मोठ्यानं बोल, मी मिलमधला हाय," असं म्हणत आबा कानामागं पंजा धरायचे. साखर कारखान्याच्या यंत्रांजवळ हयात गेलेली. ऐकू कमी यायचं, पण स्वतःचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. पिंपळीत आमची भिंतीला भिंत. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील.

देवळातल्या भजनात बाप्यांची रांग एका बाजूला, बायांची समोर. आबा ओळ म्हणायचे आणि त्यांची बायको, आमच्या काकी, तीच ओळ मागं म्हणायच्या. पण काकींची ओळ आबांनी पुरी होऊ दिली असेल तर शपथ. ती अर्ध्यावर असतानाच हे पुढची उचलायचे.

"अवो, मला दम तरी घिऊ द्या!" काकी म्हणायच्या. बाया पदराआड हसायच्या.

काकी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर आबा पेनड्राइव्ह घेऊन आमच्या ओट्यावर आले. त्यात एका भजनाचं रेकॉर्डिंग होतं, दोन्ही रांगांपुढं एकेक माइक ठेवून केलेलं.

"इंजिनिअरीणबाई, ह्यात ती हाय. पण मीच बोंबलतोय. तिचं कायबी ऐकू येत न्हाय. मला काढ ह्यातनं."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बारामतीत शिकले, आवाजाच्याच सॉफ्टवेअरचं काम करते. याचा अभिमान मी लपवत नाही. आबांना समजावलं, की फाईलमध्ये आवाजाचे आकडे एकाआड एक बसलेले असतात. एक डाव्या माइकचा, एक उजव्या. डावे तुम्ही, उजव्या काकी.

"म्हंजी पंगतीत एक घरचा, एक पाव्हणा?"

"व्हय, आबा."

"मग मला उठीव."

छोटासा प्रोग्राम लिहिला. एक आकडा सोडायचा, पुढचा घ्यायचा, आणि घेतलेला दोन्ही बाजूंना ठेवायचा. पण सुरुवातच एका आकड्यानं चुकली, आणि लॅपटॉपमधून नुसते आबा खणखणू लागले. काकींचा मागमूस नाही.

आबांचा चेहरा उतरला. "पुसली व्हय गं तिला?"

"न्हाय आबा, मूळ फाईल तशीच हाय."

एक आकडा पुढं सरकून पुन्हा चालवलं. काकी आल्या. एक अख्खी ओळ, शेवटच्या श्वासासकट. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एवढं गोड म्हणायची?" ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते.

मग रोज दिवेलागणीला आबांच्या अंगणात छोटा स्पीकर लागायचा. काकींची ओळ पूर्ण होईस्तोवर आबा गप्प. मग आपली पुरी म्हणायला जागा उरायची नाही. हे अर्ध्यावर असतानाच काकी पुढची उचलायच्या, आणि आबा तिथंच थांबायचे. आई हसून म्हणाली, "आबा, आता तुमास्नी दम घिऊ देईना!" आबा म्हणाले, "म्हणू दे. तिची बाकी हाय."

यंदाच्या उन्हाळ्यात आबाही गेले. दहाव्याला त्यांच्या मुलानं काकींची तीच फाईल मोठ्या साउंडवर लावली. पहिली ओळ आबांची, म्हणजे सुरुवातीला रिकामी जागा. माणसं गप्प बसून राहिली.

त्या गप्पपणात आबांचा आवाज आला. अगदी पुसट. काकींच्या माइकनं देवळाच्या त्या टोकाहून टिपलेला. लहान स्पीकरवर तो आम्हाला कधी कळला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत आबा तर वरून म्हणतच असायचे. लांबून, मऊ होऊन येत होता तो, काकी बसल्या होत्या तिथं ऐकू यावा तसा.