पाकोळी बसत नाही

गंगापूरकडच्या माळावर आम्ही पालात राहायचो. मेंढरं दुसऱ्याची. पाऊस आला की आई पिठाचं गाठोडं पोटाशी धरून बसायची. दुष्काळात मालकानं मेंढरं विकली, तेव्हा आम्ही औरंगाबादेत एका जुन्या दरवाजाजवळ खोली केली. वडील हमालीला लागले, मी कॉलेजात प्राणिशास्त्राला.

दरवाजाच्या कमानीत पाकोळ्या होत्या. पिसं, काड्या थुंकीनं चिकटवून केलेली घरटी, एकाला एक खेटून. आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर रोज घाण. तिचा वैताग वेगळा, माझा वेगळा. वर्षभर मान मोडेस्तोवर वर बघून मी कॉलेजची निरीक्षणवही भरली आणि सरांनी लाल शाईनं पानोपानी 'पाकोळी' खोडून 'भिंगरी' करून ठेवलं.

"सर, भिंगरी तारेवर बसते. ही बसतच नाही."

"न बसणारा पक्षी असतो का? मागच्या वर्षी सगळ्यांनी भिंगरीच लिहिली. दुरुस्त करून आणा, मग सही."

सही नाही तर प्रॅक्टिकल नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "लिव्ह की भिंगरी! पाखरू काय कोर्टात जाणार हाय?"

वडील उसळले. "माळावर जल्म गेला माझा. पाकोळी बसलेली पाह्यली व्हय कुणी? उडता उडता खाती, उडता उडताच पाणी पिती. सांग तुज्या सराला, चार दिस ये म्हणावं मेंढरामागं." आता मेंढरं होती कुठं!

परीक्षेच्या आठवड्यात कमानीला चुना मारायला माणसं आली. त्यांनी घरटी खरवडून काढली. खाली एक पाकोळी पंख पसरून फरफटत होती, तिला उठता येईना. रुमालात घेतली आणि थेट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"बसवून दाखवा, सर."

सरांनी पेन्सिल आडवी धरली. पाकोळी घसरली. परत ठेवली, परत घसरली. तिसऱ्यांदा तिनं सरांच्या शर्टाला खिशाजवळ नख्या रुतवल्या आणि लटकून राहिली.

"अगं, काढ हिला!"

"चारही बोटं पुढं आहेत, सर. फांदी पकडता येत नाही, भिंतीला लटकता येतं. पान बारावर लिहिलंय."

खिशाला पाखरू तसंच ठेवून सरांनी पान बारा वाचलं. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. सही तेवढी केली.

वरच्या मजल्याच्या खिडकीतून मी पाकोळी तळहातावरून सोडली. थोडी खाली गेली, मग वर चढली आणि दरवाजाकडं निघाली. तिथं घरटं उरलं नव्हतं.

मी प्रॅक्टिकलला बसले. त्या वर्षी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.